मायन्यातली फट

काही दिवसांपूर्वी जळगावात विज्ञानकथेवर एक छोटी बैठक झाली. चोपड्याकडच्या एका तरुण मुलीने तिथे आपली कथा वाचली. दुसऱ्या महायुद्धाचा काळ. भुसावळच्या रेल्वे तारघरात रात्रपाळी करणारा एक तारबाबू. ठरावीक वेळी तारेवर एक अनोळखी कटकट सुरू होते. ती कुठून येते यापेक्षा ती कोणत्या काळातून येते, हे त्याला हळूहळू उमगत जाते. कथा कच्ची होती, शेवट घाईत उरकला होता. पण तिच्यात जीव होता. वाचन संपल्यावर अध्यक्षस्थानी बसलेल्या समीक्षकांनी तिला समजुतीच्या सुरात सांगितले, की युद्धातल्या गुप्त संदेशांची उकल हा आपल्या मातीतला विषय नव्हे. तो ब्लेचली पार्कचा, एनिग्मा यंत्राचा, इंग्लंड-अमेरिकेचा. आपल्याकडे तसे युद्ध झाले नाही, तशी यंत्रे नव्हती, तसा एखादा ट्युरिंग नव्हता. खानदेशातल्या लेखकाने कापसावर लिहावे, केळीवर लिहावे, पाण्यावर लिहावे. मुलीने वही मिटली आणि पिशवीत ठेवली.

मी तिथेच उठून बोलायला हवे होते. बोललो नाही, म्हणून हे लिहितो आहे. समीक्षकांचा व्यासंग मला ठाऊक आहे आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्या संध्याकाळी ते जे बोलले ते चूक होते, आणि ही चूक एका माणसाची नाही. मराठी विज्ञानकथेभोवती ती कित्येक वर्षे घुटमळते आहे.

आधी ‘आपल्याकडे असे घडलेच नाही’ हे पाहू. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय झाले, हे नानासाहेब पेशव्यांना कसे कळले? पेशवे फौज घेऊन उत्तरेच्या वाटेवर होते. नर्मदेच्या आसपास सावकारांचा एक कासीद हाती लागला. तो औरंगाबादेच्या पेढ्यांकडे निघालेला. त्याच्याजवळचे पत्र फोडले, तर आत लढाईचा एकही शब्द नाही. दोन मोती गळाले, २७ मोहरा गेल्या, आणि चांदी-तांबे किती बुडाले त्याची मोजदाद नाही, अशा अर्थाचा व्यापारी निरोप. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकिगत दिली आणि पुढे ती घराघरांत सांगितली गेली. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे उलगडायला त्या छावणीत गणिती बोलवावा लागला नाही. ज्याचा मुलगा आणि चुलतभाऊ त्या रणात होते, त्याला दोन हा आकडा पुरेसा होता.

युद्ध, गुप्त निरोप, वाटेत अडवलेला दूत, फोडलेले पत्र आणि अर्थ लागताच कोसळलेला माणूस. या विषयाला आणखी काय लागते? आणि भूगोलच विचारायचा असेल, तर नर्मदेवरून औरंगाबाद गाठणाऱ्याला तापी ओलांडून खानदेश तुडवल्यावाचून वाट नाही. ते पत्र वाटेत फुटले नसते, तर आपल्याच शिवारांतून पुढे गेले असते.

यावर समीक्षक म्हणतील, हा इतिहास झाला, यात विज्ञानकथा कुठे आहे? उत्तर मराठीतच आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत एक इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतात, जिथे विश्वासरावांच्या रोखाने आलेली गोळी निसटती गेली आहे आणि मराठे पानिपत जिंकले आहेत. एक गोळी तसूभर सरकवून नारळीकरांनी सगळा हिंदुस्थान नव्याने मांडला. गोळी सरकली, कासिदाचे पत्र मात्र अजून कुणी सरकवलेले नाही. पानिपत जिंकलेल्या त्या जगात कासिदाच्या थैलीत काय होते? आणि आपल्या जगातले दोन मोत्यांचे पत्र चुकून त्या जगातल्या छावणीत पोचले, तर तिथले कारकून त्याचा काय अर्थ लावतील? हरलेल्या जगाचा निरोप जिंकलेल्या जगात वाचता येईल का? हा प्रश्न फक्त विज्ञानकथाच विचारू शकते, आणि तो विचारायला लंडनचे तिकीट काढावे लागत नाही.

खुद्द नारळीकरांचा मराठी विज्ञानकथेतला प्रवेशही एका छोट्या कूटातूनच झाला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलटी करून ते नाव बेतले होते. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. कथेला बक्षीस मिळाले आणि मग खरे नाव बाहेर आले. १९४४च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या ‘अस्टाउंडिंग’ मासिकात क्लीव्ह कार्टमिल यांनी ‘डेडलाइन’ ही अणुबॉम्बची कथा छापली, तेव्हा दोन्ही युद्धपक्षांची इंग्रजी नावे अशीच उलटी फिरवून लिहिली होती. ती कथा वाचून अमेरिकन सरकारचे तपास अधिकारी संपादकाच्या दारात उभे राहिले, कारण बॉम्बचे काम तेव्हा खरोखरच गुप्तपणे चालू होते. एक युक्ती बक्षिसाच्या कामी आली, दुसरीच्या मागे चौकशी लागली. युक्ती मात्र एकच आहे, आणि ती कुणा एका देशाची नाही.

आता समीक्षकांच्या दुसऱ्या म्हणण्याकडे येतो. तेच मला जास्त घातक वाटते. एकटा प्रतिभावंत, त्याचे गरगरणारे यंत्र, मध्यरात्री एकाएकी लागलेला उलगडा, आणि मग आरडाओरडा. हे चित्र सिनेमाने रुजवले आणि आपण ते खरे मानले. अशा प्रतिभावंताशिवाय असली कथा उभी राहत नाही, आणि तसा माणूस आपल्या तारघरात बसणे शक्य नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

पण जर्मनांचे हे कूटयंत्र, एनिग्मा, फुटले कसे? पहिला घाव घातला तो इंग्रजांनी नव्हे, पोलंडच्या तरुण गणितज्ञांनी. मरियान रेयेवस्की यांनी १९३२च्या अखेरीस यंत्राची आतली जोडणी कागदावर शोधून काढली. ती शोधता आली, कारण जर्मन तारायंत्रवाले प्रत्येक संदेशाची किल्ली सुरुवातीला दोनदा पाठवत. नियमच तसा होता. पुढे १९३९च्या जुलैत वॉर्सोजवळच्या जंगलात पोलिश लोकांनी आपले सगळे ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या स्वाधीन केले. त्यावर ब्लेचलीत, इंग्रजांच्या कूटे फोडण्याच्या केंद्रात, जे उभे राहिले ती काही एका माणसाची खोली नव्हती. युद्ध संपत आले तेव्हा तिथे नऊ-दहा हजार माणसे राबत होती आणि त्यांतल्या बहुसंख्य स्त्रिया होत्या. तिथले गणितज्ञ ट्युरिंग आणि वेल्शमन यांच्या यंत्रांनाही आधी माणसाचा अंदाज लागे: या संदेशात अमुक शब्द असणारच, असा. हवामानाचा रोजचा अहवाल ठरावीक वेळी, ठरावीक शब्दांनी सुरू होई. कुणी एखादा अधिकारी आपला हुद्दा पूर्ण लिहिल्याशिवाय पत्र सुरूच करत नसे. एनिग्मात कुठलेही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नसे, एवढी एक उणीव आणि माणसांच्या या सवयी, यांच्या कात्रीत ते यंत्र सापडले.

चर्चिल यांनी हे गुपित राखण्यासाठी १९४०च्या नोव्हेंबरात कॉव्हेंट्री शहर जाणूनबुजून जळू दिले, हेही समीक्षकांनी त्या दिवशी उदाहरण म्हणून सांगितले. ही गोष्ट १९७४मध्ये ब्रिटिश गुप्तचर अधिकारी विंटरबॉथम यांच्या पुस्तकामुळे पसरली. त्या रात्रीचे लक्ष्य कॉव्हेंट्री आहे हे चर्चिल यांना वेळेत कळलेच नव्हते, असे इतिहासकारांनी कागदपत्रांवरून दाखवून दिलेले आहे. गुपित राखण्याची खरी रीत याहून साधी होती. भूमध्य समुद्रात शत्रूची जहाजे बुडवण्याआधी त्यांच्यावरून एक टेहळणीचे विमान फिरवून आणत, म्हणजे आपण विमानाला दिसलो म्हणून सापडलो असे शत्रूला वाटावे. कथालेखकाला हे विमान कॉव्हेंट्रीच्या दंतकथेपेक्षा कितीतरी जास्त देऊ शकते. आपण कुणाला तरी दिसावे एवढ्यासाठीच उडणाऱ्या त्या वैमानिकाला खरे कारण कधी सांगितले असेल का?

सवय हाच सगळ्या कूटांचा कच्चा दुवा आहे, आणि या सवयीसाठी मराठीत शतकानुशतकांचा शब्द आहे: मायना. जुन्या मोडी पत्रांचा एक गठ्ठा उलगडून पाहा. मजकूर काहीही असो, वरची ओळ ठरलेली. श्रीमंत, राजश्री, गोसावी यांसी, मग सेवक, नमस्कार, मग विज्ञापना. शेवटही ठरलेला. असे पत्र कितीही कठीण कूटात लिहा, फोडणाऱ्याला पहिली ओळ आयती मिळते. वरच्या अनोळखी खुणा ठरलेल्या मायन्याखाली मांडून पाहायच्या आणि तिथून आत शिरायचे. जर्मन तारायंत्रवाल्याचा हवामान अहवाल हा त्याचा मायनाच होता. ज्या समाजाने लहान-थोरांचा मान पहिल्या ओळीत इतक्या कसोशीने जपला, त्या समाजातल्या लेखकाला संकेतभेदाचे मर्म परके असायचे कारण नाही.

यापुढचे उदाहरण तर जळगाव जिल्ह्यातलेच. तापी-पूर्णेच्या संगमावर, मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव आहे. चांगदेवांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला ते बसले आणि मायन्यावरच अडले. वयाने हा पोर, ज्ञानाने थोर. चिरंजीव लिहावे की तीर्थरूप? शेवटी त्यांनी कोरा कागदच पाठवला. मायना नाही, मजकूर नाही, म्हणजे पकडायला फटही नाही. तरी तो कागद आळंदीला वाचला गेला आणि उत्तरादाखल ६५ ओव्या आल्या. चौदाशे वर्षे जगलेला योगी आणि कोरा संदेश. यातून काळाच्या पल्याडच्या संदेशवहनाची कथा ज्याला सुचत नाही, त्याने विषय परका असल्याची तक्रार करू नये.

आता मला सर्वांत जवळची वाटणाऱ्या गोष्टीकडे येतो. महानुभाव पंथाच्या अनुयायांनी चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी, सुंदरी, पारमांडल्य, वज्र, अंक, शून्य. अशा लिप्या एकदोन नव्हेत, पंचवीसच्या आसपास सांगितल्या जातात. भाषा मराठीच, पण एका अक्षराच्या जागी दुसरे. त्या आधी खालशाच्या, म्हणजे सुलतानी फौजेच्या, धाडीत लीळाचरित्र या पंथाच्या ग्रंथाची मूळ पोथी गेली आणि भक्तांच्या स्मरणातून ती पुन्हा जुळवावी लागली, असे पंथाची परंपरा सांगते. सुलतानी फौजा देवगिरीवर उतरत होत्या, गावे उठत होती, त्या काळाला लागूनच या लिप्या आल्या. ग्रंथ परक्याच्या हाती पडला तरी त्याचा अर्थ त्याच्या हाती पडू नये, ही तळमळ त्यांच्यामागे आहे. याला युद्धकाळाची सावली म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

ही कुलपे पाचएकशे वर्षे टिकली. आणि ती उघडली कोणी? इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी. गावोगाव पायपीट करून दप्तरे धुंडाळणारा, स्वतः हाताने स्वयंपाक करून खाणारा, कुणाचीही भीड न ठेवणारा हा माणूस. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा १८९८ साली निघालेला पहिला खंड पानिपतापर्यंतच्या दहा-बारा वर्षांतल्या पत्रांचा आहे. म्हणजे ज्या युद्धाची बातमी मोती-मोहरांच्या आड लपून आली, त्याच युद्धाच्या कागदांपासून राजवाड्यांनी सुरुवात केली आणि पुढे महानुभावांच्या लिपीची किल्लीही शोधली. ठाण्याच्या वि. ल. भावे यांनीही पुढे त्या वाटेने जाऊन महानुभाव ग्रंथ छापून लोकांपुढे आणले. राजवाड्यांचे अखेरचे दिवस गेले धुळ्यात. त्यांचा मृत्यूही धुळ्यातच झाला. त्यांच्या कागदपत्रांचा ठेवा सांभाळणारे राजवाडे संशोधन मंडळ आजही धुळ्यात उभे आहे. ‘आपल्याकडे तसा माणूस नव्हता’ असे म्हणणाऱ्यांनी जळगावाहून एसटीत बसावे. दोन-अडीच तासांचा रस्ता आहे.

आणि या उकलीत फक्त विद्वत्तेचा आनंद नाही, एक गाठ आहे. पंथाच्या दृष्टीने त्या लिप्या पवित्र होत्या. दीक्षा घेतल्याशिवाय जे वाचायचे नाही, ते बाहेरच्या माणसाने वाचले आणि छापले. एखाद्या महंताला ती घरफोडी वाटली असेल, तर त्याला चूक म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या गुप्ततेमुळे पंथाभोवती संशय साठला, ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ अशी विखारी म्हण मराठीत रुळली, आणि आत काय लिहिले आहे हे कुणालाच दाखवता येत नसल्याने त्या संशयाला उत्तरही देता येईना. कुलूप निघाले तेव्हा आत सापडले ते मराठीतले सर्वांत जुने, जिवंत, रस्त्यावरचे, माणसांच्या बोलण्यातले गद्य. ज्याने कुलूप तोडले त्यानेच बदनामी धुण्याची वाट मोकळी केली. चांगल्या विज्ञानकथेला याहून कठीण पेच कुठून मिळणार? परग्रहावरचा संदेश फोडणारा शास्त्रज्ञ घ्या. तो संदेश आपल्यासाठी नसून कुणाची तरी प्रार्थना आहे, हे त्याला अर्ध्या वाटेत कळते. त्याने थांबावे की वाचावे?

इथे उलट बाजूच्या मंडळींनाही थांबवले पाहिजे. राजवाड्यांचे किंवा सकळ लिपीचे नाव काढले की काहींना लगेच ‘आपल्याकडे सगळे होतेच’ अशी स्फूर्ती येते. तसे नाही. एका अक्षरासाठी कायम दुसरे एकच अक्षर वापरणारे कूट मोजणीपुढे टिकत नाही. मराठीत काना किती वेळा येतो, कोणती अक्षरे जोडीने येतात हे मोजत गेले, की ते उसवते. आणि ही मोजणीची रीत नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी यांनी लिहून ठेवली होती. सकळ लिपीला एनिग्माची आजी ठरवणे म्हणजे तिचा आणि गणिताचा दोघांचाही अपमान आहे. ती लिपी मोठी आहे ती तिच्यामागच्या माणसांमुळे.

मराठीत या विषयाची परिभाषा नाही, हाही आक्षेप त्या दिवशी निघाला. करपल्लवी, अंकपल्लवी, नेत्रपल्लवी हे शब्द कोशात पडून आहेत. त्यांतला शेवटचा आपण प्रेमिकांपुरता ठेवला. व्यापाऱ्यांच्या नंदभाषेत एकाला केवली, दोनाला अवारू, तिनाला उधानू म्हणत, म्हणजे गिऱ्हाईक समोर बसलेले असताना दोन दुकानदारांना भाव ठरवता येई. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून होणारा सौदा पाहिलेली माणसे आपल्या जिल्ह्यांत आजही आहेत. माझ्या लहानपणी धुळ्यातल्या एका कापडाच्या दुकानात ताग्याच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव अक्षरांत लिहिलेला मी पाहिला आहे. दहा वेगळ्या अक्षरांचा एक शब्द दुकानदाराच्या डोक्यात, आणि तोच त्याची किल्ली. कूट, किल्ली, खूण, उकल, फोडणे. एवढ्या शब्दांवर मराठी लेखक अख्खी कादंबरी लिहू शकतो.

दुसऱ्या महायुद्धापुरतेच बोलायचे, तरी तेही दूर नव्हते. दिल्लीच्या आनंद पर्वतावर, रामजस कॉलेजच्या इमारतीत ‘वायरलेस एक्स्परिमेंटल सेंटर’ या साध्या नावाखाली ब्रह्मदेशातल्या जपानी फौजेचे संदेश टिपले आणि फोडले जात होते. त्याच काळात मुंबईत उषा मेहतांचे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र जागा बदलत बोलत होते आणि सरकार कान देऊन ते ऐकत होते. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला. खजिना कधी आणि कुठल्या वाटेने निघणार ही बातमी आधी फुटल्याशिवाय अशी गोष्ट होत नाही. यंत्र न लागता, माणसामार्फत फुटलेले हे गुपित धुळे जिल्ह्यातले आहे.

आणि अहिराणी, आपली खानदेशी बोली? सॅम्युअल डिलेनी यांच्या १९६६च्या ‘बेबेल-१७’ कादंबरीत लष्कराला शत्रूचे जे कूट फुटत नाही, ते एका कवयित्रीच्या ध्यानात येते: हे कूट नाहीच, ही वेगळी भाषा आहे. त्याआधी १९४२पासून अमेरिकन मरीन दलाने नव्हाहो आदिवासींच्या बोलीत संदेश पाठवून जपान्यांना निरुत्तर केले होते. २०११च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे म्हणून नोंदलेले लोक साडेअठरा लाखांच्या वर आहेत. ही बोली घरात बोलणाऱ्या आणि शाळेत लपवणाऱ्या मुलांना, आपली भाषाच शत्रूला न फुटणारे कूट ठरते अशी एक कथा वाचायला मिळाली, तर ती त्यांच्यासाठी परकी असेल का?

त्या मुलीला माझे सांगणे एवढेच आहे. तारबाबूला भुसावळातच ठेव. त्याला प्रतिभावंत करू नकोस. त्याला रोजची सवय असू दे आणि पलीकडच्या माणसाचीही एक सवय त्याच्या कानाला पकडू दे. शेवट घाईत उरकू नकोस. आणि कथा पुन्हा लिहायला बसण्याआधी एकदा धुळ्याला जाऊन राजवाडे संशोधन मंडळातले मोडी कागद डोळ्यांनी बघून ये. महानुभावांच्या लिपीची किल्ली शोधणारा तो माणूस ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात गेला. २०२६च्या अखेरीस त्याला शंभर वर्षे होतात. तुझी कथा तोवर छापून यावी.